आयफोन भाच्याकडून मागवावा, दुबईहून आणावा की पुण्यातच घ्यावा?

नाताळच्या सुट्टीत न्यू जर्सीहून कोणी ना कोणी येणार असतं आणि घरात विषय निघतोच: "तिकडून फोन सांगायचा का?" पंधरा वर्षांपूर्वी लोक डोळे मिटून हो म्हणायचे. आता आधी विचारावं लागतं, मॉडेल कोणतं? आणि लगेच दुसरा प्रश्न, सिम कोणाचं?

आधी पैशांचं बघू. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ मालिकेतली २५६ जीबीची मॉडेलं घेतली आहेत. डॉलर ९० रुपयांना आणि दिरहॅम साडेचोवीसला धरला आहे. किमती मॉडेलं बाजारात आली तेव्हाच्या.

साधा आयफोन १७ भारतात ८२,९०० रुपयांना आला. अमेरिकेत ७९९ डॉलर, म्हणजे ७१,९०० रुपये. पण तिकडच्या छापील किमतीत विक्रीकर नसतो. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर मिळवला की आकडा ७६,७०० च्या घरात जातो. दुबईत ३,३९९ दिरहॅम, म्हणजे ८३,३०० रुपये. इथल्यापेक्षा महागच! पर्यटकाला विमानतळावर व्हॅट परत मिळतो खरा, पण तो मुळात ५ टक्के आणि त्यातलेही ८५ टक्केच हाती येतात, वर थोडं शुल्क कापून. एवढी यातायात करून फोन पडतो ८०,००० ला. कार्डावर परकीय चलनाचं शुल्क लागलं तर ते आणखी वेगळं. इकडे बँकेच्या कार्डावरची सूट, जुन्या फोनचे पैसे आणि बिनव्याजी हप्ते हे सगळं आहे. साध्या मॉडेलसाठी भाच्याला कामाला लावू नका.

१७ प्रोची गोष्ट वेगळी. भारतात तो १,३४,९०० ला आला. अमेरिकेत १,०९९ डॉलर. न्यू जर्सीच्या करासह साधारण १,०५,५०० रुपये, आणि शेजारच्या डेलावेअरमध्ये विक्रीकरच नसल्याने ९८,९००. दुबईत ४,६९९ दिरहॅम, व्हॅटचा परतावा वजा करून १,१०,६००. पंचवीस-पस्तीस हजारांचा फरक दिसला की कोणाचंही मन डळमळतं.

पण मध्ये कस्टम्स आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत परतणाऱ्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान माफ होतं आणि वरच्या रकमेवर ३८.५ टक्के पडायचे. त्या दराने दुबईच्या प्रोवर २३,३०० रुपये भरले तर एकूण खर्च १,३३,९०० व्हायचा, म्हणजे सगळ्या खटपटीतून सुटायचे हजार रुपये. त्याच दराने न्यू जर्सीतून आणला तर आठेक हजार सुटायचे. हे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरचे ताजे आकडे घेऊन हाच हिशेब पुन्हा मांडा. डबाबंद फोन हिरव्या मार्गिकेतून, म्हणजे शुल्क भरायचं काहीच नाही असं दाखवून, कसा काढावा, हे सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांचा सल्ला इथे धरलेला नाही.

आता सिम. माझ्या मते निवड इथेच ठरते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, सिमचा कप्पाच नाही. फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, हातात न येणारं डिजिटल सिम. १७ च्या मालिकेपासून अमिराती, सौदी, कतार, ओमान, कुवेत, बहारीन, जपान आणि कॅनडातही तेच झालं. भारतातल्या १७ आणि १७ प्रोमध्ये एक साधं नॅनो सिम बसतं आणि सोबत ई-सिम चालतं. जिओ, एअरटेल आणि व्हीआय तिघंही ई-सिम देतात, त्यामुळे अमेरिकेचा फोन इथे चालतो का, तर चालतो. कॉलही लागतात आणि ५जी सुद्धा. शिवाय कप्प्याची जागा वाचल्याने ई-सिमवाल्या १७ प्रोची बॅटरी थोडी मोठी आहे.

अडचण येते ती फोन बंद पडला की. कप्पा असला तर सिम काढून कपाटातल्या जुन्या फोनमध्ये टाकता येतं आणि दहा मिनिटांत काम सुरू. ई-सिम असेल तर ते नव्याने घ्यावं लागतं, आणि सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. ज्याचा धंदा यूपीआय आणि ओटीपीवर चालतो त्याने, किंवा ज्यांच्या घरी वडिलांचा फोनही आपणच सांभाळतो अशांनी, कप्प्याच्या या सोयीचं मोल पंचवीस हजारांपेक्षा कमी समजू नये. मी स्वतः कप्पेवालाच घेईन.

दोन्ही सिमं हातात धरता येतील अशी हवी असतील, उदाहरणार्थ शहरासाठी जिओ आणि कोकणातल्या गावासाठी बीएसएनएल, तर हाँगकाँगचा १७ किंवा १७ प्रो बघा. त्यात दोन नॅनो सिमं बसतात आणि तिथे विक्रीकरही नाही. दुबईत मात्र फेसटाइमचा, म्हणजे ॲपलच्या व्हिडिओ कॉलच्या सोयीचा, घोळ असतो. अमिरातीसाठी बनलेल्या सेटवर त्याची अडचण येते, म्हणून तिथल्या बाजारात 'फेसटाइमसह' म्हणून दुसऱ्या देशांचे सेट वेगळे विकतात. घेताना मॉडेल कोणत्या देशाचं, हे खोक्यावर वाचा.

अमेरिकेतून मागवणारच असाल तर भाच्याला एवढं सांगा: मोबाइल कंपनीच्या दुकानातून, हप्त्यांवर 'स्वस्तात' मिळणारा फोन घेऊ नकोस. तो त्या कंपनीला बांधलेला असतो आणि इथलं सिम नाकारतो. ॲपलच्या दुकानातून पूर्ण पैसे भरून, कोणत्याही कंपनीशी न जोडलेलाच घ्यायचा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडलं की 'कॅरियर लॉक'समोर सिमवर बंधन नाही असं दिसायला हवं. पावतीही आणायला सांगा. ॲपलची वॉरंटी बऱ्याचदा इथे चालते, पण ती फोन विकलेल्या देशापुरती मर्यादित ठेवायचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे.

अँड्रॉइड फोन बाहेरून मागवावा का, याला माझं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. जिओकडे २जी-३जी नाहीच, सगळे कॉल व्होल्टीवर, म्हणजे ४जी इंटरनेटच्या जाळ्यावरून, जातात. बाहेरच्या सेटवर त्या कंपनीने जिओचं व्होल्टी चालू केलेलं नसेल तर इंटरनेट धावतं पण साधा कॉल लागत नाही. एअरटेलवर असा फोन निदान २जीवर उतरून बोलतो. सॅमसंगची फोनची वॉरंटी ज्या त्या देशापुरती असते. तरीही आखातातून सॅमसंग येतच असेल तर खोक्यावरची चिठ्ठी वाचा: पहिल्यांदा तिथल्याच भागातलं सिम घालून किमान पाच मिनिटं बोलावं लागतं, नाहीतर इथलं सिम तो घेत नाही. हे काम तिकडेच, विमानात बसण्याआधी उरकायला सांगा.