एक लिटरचं पाकीट आणि कोरी फिल्म

‘डी-७६, एक लिटर, सीलबंद. स्टॉक जुना, पण माल एकदम फ्रेश.’ डी-७६ म्हणजे कृष्णधवल फिल्म धुण्याची कोडॅकची डेव्हलपर पावडर. अशी जाहिरात दिसली की आधी एकच विचारा: सील कुणी केलं?

ठाण्यातल्या एका विक्रेत्याकडून अशी काही पाकिटं आली. पारदर्शक प्लास्टिक, मशीनने चिकटवलेलं तोंड, वर मार्करने लिहिलेलं ‘डी-७६’. कंपनी नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. पहिल्या पाकिटात रोल छान धुतला गेला. दुसऱ्यात फिल्म जवळपास कोरी निघाली आणि तिसऱ्यात कॉन्ट्रास्ट इतका चढला की आकाश आणि भिंती सपाट पांढऱ्या झाल्या. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं होतं: “तुमचं एक्स्पोजर चुकलं.”

एक्स्पोजर चुकलं की डेव्हलपर मेलेला होता, हे फिल्मच सांगते. तिच्या कडेला असलेली अक्षरं आणि फ्रेम नंबर कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात. कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. नंबर ठसठशीत काळे आणि चित्र मात्र फिकं, तर चूक कॅमेऱ्याकडे. नंबरही पुसट किंवा गायब, तर चूक डेव्हलपरची (किंवा डेव्हलपरच्या आधी फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण, ओतला गेला असेल). दुसऱ्या पाकिटातल्या फिल्मवर नंबर भिंगातूनही धड वाचता येत नव्हते.

असं का होतं, ते फॉर्म्युल्यात आहे. एक लिटर डी-७६ मध्ये मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. एकूण १०९ ग्रॅममध्ये चित्र उमटवणारा माल (मेटॉल आणि हायड्रोक्विनोन) फक्त ७ ग्रॅम. जुनं ३.८ लिटरचं गॅलन पाकीट फोडून त्याचे चार भाग केले की हा ७ ग्रॅमचा हिशेब कोलमडतो. वाहतुकीत हादरे बसून कमीजास्त आकाराचे कण वेगवेगळे झालेले असतात. एका वाट्याला मेटॉल जास्त, दुसऱ्याला नुसतं सल्फाइट. आणि बोरॅक्सच्या सौम्य अल्कलीत हायड्रोक्विनोन एकटं जवळपास काहीच करत नाही, त्याला मेटॉलची जोड लागतेच. म्हणून पावडरचं पाकीट अर्धं वापरून अर्धं ठेवू नये, पूर्ण पाकीट एकदम विरघळवावं. फोडून विकणाऱ्याला हे माहीत नसतं असं समजायचं कारण नाही.

जुनेपणाचं म्हणाल तर तारीख उलटली म्हणून पावडर मरतेच असं नाही. कंपनीचं फॉइल शाबूत असेल, पावडर पांढरी आणि सुटी असेल, तर ती अनेकदा चालते. पण बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर ठाण्याचे पावसाळे काढलेला माल वेगळा. जुलैत बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तीच गत. गठ्ठे, तपकिरी किंवा गुलाबी कण दिसले की पैसे देऊ नका. त्याहून फसवं सल्फाइट: हवा आणि ओल लागून त्याचं सल्फेट होतं, दिसायला तेही पांढरंच. डेव्हलपरचं द्रावण केल्यावर ते पाण्यासारखं किंवा अगदी फिकट पिवळसर हवं. कोऱ्या चहासारखं झालं तर ओतून द्या.

विक्रेते एक व्हिडिओ पाठवतात: फिल्मची जीभ (रोलचं बाहेर असणारं सुरुवातीचं टोक) डेव्हलपरमध्ये टाकली आणि ती काळी झाली. याला भुलू नका. उजेडात पूर्ण जळलेली जीभ अर्धमेल्या डेव्हलपरमध्येही काळी होते. खरी चाचणी म्हणजे नेहमीच्या फिल्मच्या चारपाच फ्रेम मीटरप्रमाणे काढायच्या, तेवढाच तुकडा २० अंशांवर नेहमीच्या वेळेत धुवायचा आणि जुन्या चांगल्या निगेटिव्हशेजारी धरायचा. मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणी बरंच गरम असतं, त्यामुळे बर्फाच्या टबाशिवाय ही तुलना फुकट आहे.

सुटं सल्फाइट घेतलंत तर चिमूटभर घेऊन त्यावर लिंबाचा रस पिळा. जळक्या काडीसारखा उग्र वास आला तर त्यात सल्फाइट आहे. नुसतं फसफसलं तर धुण्याचा सोडा, काहीच झालं नाही तर बहुधा सल्फेट. दमा असेल तर वास घेऊ नका. किती टक्के माल खराब झालाय ते मात्र या चाचणीत कळत नाही. हायपोच्या (सोडियम थायोसल्फेट, फिक्सरचा मुख्य घटक) द्रावणात रस टाकला तर थोड्या वेळाने ते दुधाळ होतं, कारण त्यातून गंधक बाहेर पडतं. अस्सल हायपो माशांच्या दुकानातही क्लोरीन घालवायला मिळतो. लिटरला २५० ग्रॅम खडे घ्या, त्यात फिल्मची जीभ टाका आणि ती पारदर्शक व्हायला लागलेल्या वेळेच्या दुप्पट फिक्स करा. दहा मिनिटांतही जिभेचा दुधाळपणा गेला नाही तर ते द्रावण बाद.

जुन्या फोटो कागदाच्या खोक्यांबाबत एवढंच: लाल दिव्यात एक कोरा तुकडा डेव्हलप करून फिक्स करा, दुसरा थेट फिक्स करा. पहिला राखाडी दिसला तर कागदावर फॉग (उजेड न लागताही चढणारा काळेपणा) आहे.

सर्वात सुरक्षित म्हणजे वर दिलेल्या मापाने डी-७६ घरीच बनवणं. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा, हातमोजे (मेटॉलने अनेकांच्या त्वचेवर चट्टे उठतात) आणि ५० अंशांचं ७५० मिली पाणी घ्या. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट, हायड्रोक्विनोन, बोरॅक्स. शेवटी पाणी घालून एक लिटर करा. सगळं सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल विरघळता विरघळत नाही.

फसवले गेलाच असाल तर पाकीट आणि फिल्म टाकू नका. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि कमाल किंमत असायलाच हवी. कोऱ्या पाकिटाचा फोटो हाच पहिला पुरावा. चॅट आणि यूपीआय पावतीसह १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. दाद मिळाली नाही तर २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं, विक्रेता कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.