लाकडी कोड्यांची पेटी: पाचपैकी तीन तारे, त्यातला एक नातीचा

सहा कोडी, एक लाकडी पेटी, किंमत 849 रुपये. नात चौथीत गेली आणि सुट्टीभर मोबाइल हातचा सोडेना, म्हणून मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही. भांडण माझं आणि त्यांचं आहे, ते आम्ही बघून घेऊ.

आधी चांगलं सांगतो. लाकूड भरीव आहे, कडा घासलेल्या आहेत, बोटाला कूस लागत नाही. ब्रेनव्हिटा तर फारच छान. 33 खळगे, 32 काचेच्या गोट्या, आणि खळगे इतके नीट कोरलेत की पाट उचलून दुसऱ्या खोलीत नेला तरी डाव मोडत नाही. शेवटी मधोमध एकच गोटी उरवायची. माझ्या दोन उरतात, आमच्या हिच्या तीन उरतात, आणि घरात त्यावरून चहा कोणी करायचा ते ठरतं. डाव पुरा करायचा तर उड्या मात्र सगळ्यांना 31च लागतात, कारण एका उडीला एक गोटी बाद. एकाच गोटीच्या सलग उड्या मिळून एक चाल धरली तर 18 चालींत डाव संपतो. 1912 मध्ये बर्गहोल्ट नावाच्या माणसाने हे करून दाखवलं. आम्हाला 31 उड्या जमल्या तरी पुष्कळ.

टँग्रॅमचे, म्हणजे आकृत्या जुळवायच्या कोड्याचे, सात तुकडे ठीक. तारेची दोन कोडी पेटीत उगाच भरतीला घातली आहेत. एक तर पहिल्याच दिवशी वाकलं आणि आपोआप सुटलं.

हनोईच्या मनोऱ्यात तीन खुंट्या असतात; एका वेळी एकच चकती हलवत, मोठी कधी लहानीवर न ठेवता, सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. आमच्याला सात चकत्या आहेत, म्हणजे कमीत कमी 127 चाली. चाली मोजायची युक्ती नातीला दोन दिवसांत सापडली: आधीचा आकडा दुप्पट करायचा आणि एक मिळवायचा. 1, 3, 7, 15, 31, 63, 127. पण तिसरी आणि चौथी चकती जवळजवळ एकाच मापाच्या. कुठली वर ठेवायची यावरून आजोबा-नातीत जुंपली, शेवटी फूटपट्टी आणली. एका मिलिमीटरचा फरक निघाला. मार्करने मागे आकडे घातले तेव्हा घरात शांतता झाली. सोबतच्या पुस्तिकेत याला 'प्राचीन भारतीय खेळ' म्हटलंय. अहो, हा खेळ 1883 मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने बाजारात आणला. काशीच्या देवळात पुजारी 64 सोन्याच्या चकत्या हलवत बसलेत आणि त्या संपल्या की जग बुडणार, ही गोष्ट त्याच्या जाहिरातीसाठी शोभून दिसली एवढंच. सेकंदाला एक चाल धरली तरी 58,500 कोटी वर्षं लागतील. तोवर पुस्तिका दुरुस्त करायला कंपनीला भरपूर वेळ आहे.

आता खरं दुखणं. सहावं कोडं म्हणजे 1 ते 15 आकड्यांच्या सरकत्या सोंगट्या, चार बाय चारची चौकट, एक घर रिकामं. सोंगट्या खाचेत अडकवलेल्या, बाहेर निघत नाहीत. पेटीवर चित्र आहे: ओळीने 1 ते 15 आणि रिकामं घर शेवटच्या कोपऱ्यात. मी पहिल्या रात्री तीन ओळी सहज लावल्या. चौथ्या ओळीत आलं 13, 15, 14. मोडलं, पुन्हा लावलं. 13, 15, 14. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री ही म्हणाली, "वय झालं तुमचं, झोपा आता."

मी पतसंस्थेत 31 वर्षं हिशेब लिहिले. तेरीज, म्हणजे जमा-नावेच्या बेरजा, जुळली नाही तर आम्ही आधी फरक नवाने भागून बघायचो. भाग गेला की समजायचं, कुणीतरी 54 चे 45 लिहिलेत. तेव्हा मला वाटलं, इथेही चूक माझी नसून मालातच आहे. सकाळी कागद घेऊन बसलो.

बुद्धिबळाच्या पटासारखी घरं काळी-पांढरी रंगवली असं समजा. रिकामं घर दर चालीला काळ्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून काळ्यावर जातं. ते फिरून त्याच कोपऱ्यात यायचं असेल तर चाली समच लागणार. प्रत्येक चाल म्हणजे रिकाम्या घराची आणि शेजारच्या सोंगटीची एक अदलाबदल, म्हणजे अदलाबदलीही समच. आणि मला हवी होती फक्त 14 आणि 15 ची, एकच, म्हणजे विषम. जमणारच नाही! माझ्या वयाचा काही संबंध नाही, हे मी हिला तेव्हाच स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

नंतर कळलं की हे दुखणं जुनंच आहे. 1880 मध्ये अमेरिकेत आणि युरोपात या खेळाने लोकांना वेड लावलं होतं. पुढे सॅम लॉइड या अमेरिकन कोडेकाराने 14 आणि 15 ची अदलाबदल करून दाखवणाऱ्याला 1000 डॉलर जाहीर केले. पैसे जाणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं, कारण ते अशक्य असल्याची सिद्धता 1879 मध्येच छापून आली होती. आमच्या कंपनीने बहुधा सोंगट्या हाताला लागतील तशा बसवल्या. तसं केलं तर निम्म्या चौकटी न सुटणाऱ्याच निघतात.

ग्राहक सेवेला फोन केला. मुलगा नम्र होता. म्हणाला, "काका, या कोड्याची लेव्हल हार्ड आहे, ट्राय करत राहा." मी त्याला सम-विषम समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे काका, तुम्हाला सोडवायला मदत हवी आहे का?"

चौकट परत पाठवायला मी खोक्यात घातली होती. नातीने ती काढली आणि दुपारभर घेऊन बसली. संध्याकाळी दाखवायला आली: रिकामं घर पहिल्याच कोपऱ्यात, आणि त्याच्यापुढून 1, 2, 3 असे थेट 15 पर्यंत, सगळे ओळीने. मी कागदावर ताडून बघितलं. बरोबर होतं! माझ्या चौकटीचं उत्तर आहे, फक्त पेटीवरच्या चित्रातलं नाही. "आबा, चित्रच चुकलंय," ती म्हणाली.

चौकट ठेवून घेतली. कंपनीच्या ॲपवर माझ्या तक्रारीपुढे परवापासून 'निवारण झाले' असं दिसतंय.