आयसीएससी कार्ड: फुकट आहे, कामाचं आहे, पण थिनरचं बॅरल ओळखत नाही

भोसरी एमआयडीसीत आमचं पेंटिंगचं जॉबवर्क आहे. पुढे बूथ आणि ओव्हन, मागे थिनरची बॅरलं. सेफ्टी माझ्याकडे, म्हणजे गॉगल वाटण्यापासून ऑडिटची फाईल भरण्यापर्यंत सगळं. एखाद्या रसायनाची माहिती हवी असली की मी पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओ) साइटवरची इंटरनॅशनल केमिकल सेफ्टी कार्डं, म्हणजेच आयसीएससी, उघडतो. लॉगिन नाही, पैसे नाहीत. आयएलओ आणि जागतिक आरोग्य संघटना मिळून ती काढतात, देशोदेशीचे तज्ज्ञ एकत्र बसून तपासतात. 1700 च्या वर रसायनं आहेत.

थिनरमध्ये असणाऱ्या टोल्यूइन या द्रावकाचं कार्ड घ्या, क्रमांक 0078. श्वासातून, कातडीवर, डोळ्यात, पोटात गेलं तर काय होतं, ते कसं टाळायचं आणि झालंच तर लगेच काय करायचं, सगळं एका तक्त्यात. लांबण नाही. गिळलं तर उलटी करवू नका, असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे कुणी काही प्यायलं की पहिला हात मिठाच्या पाण्याकडे जातो! उलटी होताना टोल्यूइन फुप्फुसात उतरलं तर तिथे सूज येते.

भरायला-उपसायला कॉम्प्रेस्ड एअर वापरू नका, हेही आहे. बॅरलला हवेची नळी लावणारे बहाद्दर कुठल्याही एमआयडीसीत भेटतील. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते तो, 4 अंश सेल्सिअस. पुण्यातल्या डिसेंबरातसुद्धा पारा क्वचितच तिथवर उतरतो, म्हणजे ठिणगीची भीती बारमाही.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती एक छोटी ओळ: गोंगाटाने कानांचं जे नुकसान होतं, ते टोल्यूइनमुळे वाढू शकतं. आमच्या बूथला लागूनच ग्राइंडिंग चालतं. कानांची तपासणी व्हायची ती फक्त ग्राइंडिंगवाल्यांची. पेंटरांची नावं यादीत घालायला मालकांपुढे हेच कार्ड ठेवलं. कुरकुरले, पण घातली. दारूने त्रास वाढतो, अशीही टीप आहे. ती मी टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाच्या जागीच होणारी सेफ्टीची छोटी बैठक) पगाराच्या आठवड्यात घेतो. पोरं हसतात, पण ऐकतात.

हवेतल्या मर्यादेचा आकडा मात्र नीट समजून घ्या. कार्डात एसीजीआयएच या अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संस्थेची मर्यादा येते, टोल्यूइनला 20 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 20 भाग. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत 100 होती. कार्डाला कायद्याचं बळ नाही, तसं ते स्वतःच सांगतं. तरी एग्झॉस्टचं कोटेशन मागवताना मी 20 धरूनच मागवतो.

कार्डं जपानी, कोरियन, फार्सीतही आहेत, मराठीत नाहीत. कामाच्या चार-पाच ओळी मी मार्करने मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावतो.

खरी अडचण वेगळीच. कार्ड असतं एकेका रसायनाचं आणि बॅरलवर छापलेलं असतं नुसतं ‘थिनर’. ते नाव टाकून काय मिळणार? सप्लायरकडून एसडीएस, म्हणजे मालात काय आहे आणि धोके काय ते सांगणारा सेफ्टी डेटा शीट, घ्यायचा, त्यातला सीएएस नंबर, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक, टाकायचा (टोल्यूइनचा 108-88-3), मग नेमकं कार्ड निघतं. आमच्या सप्लायरने आधी एसडीएस म्हणून रंगीत ब्रोशर पाठवलं. फोनवर फोन केल्यावर खरा कागद आला आणि टोल्यूइनच्या खाली मेथेनॉल दिसलं. त्याचं कार्ड 0057. कातडीतूनही शरीरात जातं, दृष्टी जाऊ शकते. आणि आमचे पेंटर शिफ्ट संपली की हात धुवायचे ते याच थिनरने! आता बेसिनपाशी हँडक्लीनर ठेवलाय आणि थिनरच्या खोलीची किल्ली सुपरवायझरकडे.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो सर्चसाठी. स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं तरी हात वर करतो, त्यामुळे सीएएस नंबरच टाका.