मेलाटोनिन: गोळी घ्यावी की खोलीत अंधार करावा?

आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या) फाइलमध्ये फॉलिक ॲसिडच्या खाली 'मेलाटोनिन ३ मिग्रॅ, रात्री' दिसलं की बुचकळ्यात पडायला होतं. झोपेची गोळी इथे कशाला?

मुळात ती गुंगीची गोळी नाहीच. १९५८ साली येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर त्वचेचा रंग फिका करणारं द्रव्य शोधत होते, तेव्हा गुरांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथींतून त्यांच्या हाती हे संप्रेरक लागलं. अंधार पडला की ही ग्रंथी ते रक्तात सोडते, उजेड आला की हात आखडता घेते. 'रात्र झाली' अशी शरीरभर दवंडी पिटणं, एवढंच त्याचं काम.

झोपेपुरतं पाहिलं तर गोळीचा फायदा बेताचा. २०१३ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात झोप सरासरी ७ मिनिटं लवकर लागली आणि ८ मिनिटं जास्त टिकली. अमेरिकेहून परतलेल्या माणसाचं झोपेचं घड्याळ मात्र ती छान जुळवते. रोज रात्री एकपर्यंत मोबाइल बघणाऱ्याला गोळीही कुठवर पुरणार?

अपत्यप्राप्तीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. अंड्याभोवतीच्या द्रवात रक्तापेक्षा जास्त मेलाटोनिन असतं आणि ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून ते अंड्याला जपतं, असा तर्क आहे. जपानमध्ये आधीच्या खेपेला फलन कमी झालेल्या स्त्रियांना ३ मिग्रॅ देऊन पाहिलं, तेव्हा फलनाचं प्रमाण सुधारलं. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत १६० स्त्रियांपैकी कुणाला औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी, कुणाला २, ४ किंवा ८ मिग्रॅ दिवसातून दोनदा दिलं. गर्भ राहण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. चाचणी लहान होती, म्हणून दार बंद झालं असं मी म्हणणार नाही. 'जास्त घेतलं तर जास्त गुण' या समजाला मात्र नेदरलँड्समधून परस्पर उत्तर मिळालंय: तिथे ७५ आणि ३०० मिग्रॅचे डोस अंडोत्सर्ग थांबवण्यासाठी, म्हणजे चक्क गर्भनिरोधक म्हणून तपासले गेले!

डबीवरच्या आकड्याचाही भरवसा नाही. कॅनडात ३१ उत्पादनं तपासली, तर कुठे लिहिल्यापेक्षा ८३ टक्के कमी मेलाटोनिन, कुठे ४७८ टक्के जास्त. आठांमध्ये तर सेरोटोनिन हे भलतंच रसायनही निघालं.

अंधाराला ना डबी, ना बिल. आमच्या खोलीत राउटरचा निळा दिवा थेट उशीवर यायचा. त्यावर चिकटपट्टी लावली, चार्जर ओट्याशेजारी नेला, ट्यूबऐवजी पिवळा दिवा ठेवला. पहिला आठवडा हात उशीखाली मोबाइल चाचपत राहिला. अंधाराने मूल होतं असंही कुणी सिद्ध केलेलं नाही, पण बिघडत काहीच नाही.

म्हणून माझा कौल: निव्वळ मूल व्हावं म्हणून स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका, गमी (चघळायची गोड गोळी) तर नकोच. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर तेवढाच डोस घ्या. रक्त पातळ करणारं औषध किंवा फ्लुवॉक्सामाइन (नैराश्य, ओसीडीवरचं औषध) चालू असेल तर आधी सांगा. फ्लुवॉक्सामाइनमुळे मेलाटोनिनची रक्तातली पातळी खूप चढते. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर गोळी कधी थांबवायची, हे त्याच भेटीत विचारून फाइलवर लिहून घ्या.