आईच्या खुब्याचा सांधा बदलताना : पुण्यातील एका रुग्णालयाचा अनुभव
माझ्या आईच्या खुब्याचा सांधा बदलणाऱ्या या रुग्णालयाची पूर्वतयारी मला शस्त्रक्रियेइतकीच मोलाची वाटली. ३ आठवडे आधीच त्यांनी रक्तातील साखर व हिमोग्लोबिन तपासले, दातांतील जंतुसंसर्ग नव्या सांध्यापर्यंत पोहोचू नये म्हणून दंतवैद्याकडे पाठवले आणि मांडीचे व्यायाम व वॉकर धरून चालणे तिच्याकडून घोटवून घेतले. सर्जनांनी मागील बाजूने छेद घेतला. अशा वेळी सुरुवातीच्या आठवड्यांत सांधा निखळण्याचा धोका असल्याने खुबा ९० अंशांपेक्षा अधिक वाकवू नये, पायावर पाय टाकू नये, हे त्यांनी आकृती काढून समजावले. दुसऱ्याच दिवशी आई चालली. घरी उंच कमोड लागेल, ही सूचना मात्र डिस्चार्जच्या दिवशी मिळाली. ती पूर्वतयारीतच मिळायला हवी होती.