२२/७ की ३.१४? पाय कुठला घ्यावा

गणिताच्या पुस्तकात उदाहरणाखाली ‘π = २२/७ घ्या’ असं छापलेलं असलं की प्रश्न मिटतो. ते नसलं की वाद सुरू होतो. पुष्कळांना वाटतं, ३.१४ दशांशात आहे म्हणजे तेच जास्त बरोबर. तसं नाही.

गोल टेबलक्लॉथला कडेने लेस लावायची आहे असं धरा. व्यास बरोबर १ मीटर, म्हणजे परीघ ३१४१.५९ मिलिमीटर. २२/७ ने हिशेब केला तर लेस सव्वा मिलिमीटर जास्त येते, ३.१४ ने केला तर १.६ मिलिमीटर कमी. म्हणजे थोडक्यात का होईना, २२/७ च सरस. शिवाय जास्तीची लेस कापता येते, कमी पडली तर जोड द्यावा लागतो. (खरं सांगायचं तर एवढा फरक शिवणीतच जातो.)

२२/७ जास्त का येतो, हे ग्रीक गणिती आर्किमिडीजकडे पाहिलं की कळतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती बसवल्या आणि दाखवलं, की परीघ भागिले व्यास हे गुणोत्तर, म्हणजेच पाय, ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा मोठं आणि ३ पूर्णांक १/७ पेक्षा लहान आहे. त्याच्या लेखी २२/७ हे कुंपण होतं. आपण त्यालाच घर समजून बसलो.

आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने १० चं वर्गमूळ सुचवलं होतं. लक्षात ठेवायला छान, पण आपल्या लेसला २१ मिलिमीटर जास्त. ते सोडून द्या.

खरी निवड लीलावतीत आहे. ११५० च्या सुमाराचा हा ग्रंथ. एकाच श्लोकात भास्कराचार्य दोन्ही पर्याय देतात. व्यासाला ‘भनंदाग्नि’ने गुणा: भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३. उलट क्रमाने मांडा, ३९२७. भागायचं ‘खबाणसूर्य’ने: ख शून्य, बाण ५, सूर्य १२, म्हणजे १२५०. हा परीघ सूक्ष्म. आणि २२ ने गुणून ७ ने भागलं तर स्थूल, पण ‘व्यवहारयोग्य’. ३९२७/१२५० म्हणजे ३.१४१६, आर्यभटाने ४९९ मध्ये दिलेली ६२८३२/२०००० हीच किंमत. तिलाही आर्यभट ‘आसन्न’ म्हणतो, म्हणजे जवळची.

हातानेच आकडेमोड करायची आणि अचूकताही हवी, तर माझं मत चीनच्या त्सू छोंगझीच्या ३५५/११३ ला. पाचव्या शतकातलं. ११३३५५ लिहा, मधोमध तोडा, मागचा भाग वर. विषुववृत्तावरचा पृथ्वीचा व्यास १२,७५६ किलोमीटर घेऊन घेर काढला, तर २२/७ मुळे १६ किलोमीटर चुकतात, ३.१४ मुळे २०, ३.१४१६ मुळे ९४ मीटर. ३५५/११३ मुळे फक्त साडेतीन मीटर.

परीक्षेत मात्र त्रिज्या बघा. ७, १४, २१ असेल तर २२/७, कारण छेद उडतो. १० किंवा २० असेल तर ३.१४. आणि किंमत घालायला सांगितलीच नसेल, तर घालू नका. पाय कुठल्याच अपूर्णांकात मावत नाही हे गणिती लँबर्टने अठराव्या शतकात सिद्ध केलंय. ७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १५४ चौसेमी हे जवळपासचं, ४९π चौसेमी हे नेमकं.