इंधनाशिवाय वीज देणारं फ्लायव्हील मशीन: आमचे 85 हजार कुठे गेले

शेतावर किंवा डोंगरातल्या घरी लाइट नसेल आणि कुणी तुम्हाला ‘एकदा चालू करा, मग डिझेल नको, ऊन नको, मशीन स्वतःची वीज स्वतःच तयार करतं’ असं सांगून फ्लायव्हील (म्हणजे जड फिरतं चाक) जनरेटर विकत असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. माझ्या काकांचे 85 हजार रुपये यात गेले. आता खालच्या खोऱ्यातल्या ओळखीच्या एका घरी अगदी तसंच कोटेशन आलंय, म्हणून लिहायला बसलो.

काकांचं घर भाटघर धरणाच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, गावठाणापासून लांब उतारावर आहे. विजेचा शेवटचा पोल पार खाली. एका सोलर पॅनेलवर दोन-तीन दिवे आणि मोबाईल चालतात. पण काकांच्या गोठ्यात म्हशी आहेत, त्यांना कडबाकुट्टी हवी होती, दूध टिकवायला फ्रीज हवा होता. त्यातून जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे दिवसचे दिवस धुकं असतं, तेव्हा पॅनेल जेमतेम बॅटरी धरून ठेवतं. विकणाऱ्यानं नेमकं हेच हेरलं. “काका, आमच्या मशीनला पावसाळा-उन्हाळा सारखाच,” हे त्याचं पहिलं वाक्य होतं.

डेमो त्याच्या शेडमध्ये झाला. एक एचपीची मोटर, तिच्यावरून बेल्टनं फिरणारं 80 किलोचं लोखंडी चाक, चाकावरून पाच केव्हीएचा अल्टरनेटर, म्हणजे फिरवला की वीज देणारा भाग. आधी मोटर भिंतीवरच्या प्लगवर सुरू केली. चाकानं वेग धरल्यावर प्लग काढून मोटरची वायर अल्टरनेटरलाच जोडली. शंभर-शंभर वॅटचे चार बल्ब जळत राहिले. आमचा चहा झाला, बोलणं झालं, तरी बल्ब तसेच. चाकाचा तो घुमणारा आवाज ऐकताना कुणालाही वाटावं की एवढं जड लोखंड फिरतंय म्हणजे ताकद असणारच. मशीन मात्र जमिनीत जाड बोल्टनं पक्कं बसवलेलं होतं. थोडं सरकवून दाखवा म्हटलं तर “अलाइनमेंट बिघडेल” असं उत्तर मिळालं. 50 हजार ॲडव्हान्स गेला, उरलेले 35 हजार माल उतरवताना.

घरी मशीन बसवायला त्याचा मेकॅनिक आला, सोबत सुरू करण्यापुरता एक छोटा पेट्रोल जनरेटर. चाक फिरलं, बल्ब लागले. मग त्यानं मोटर जनरेटरवरून अल्टरनेटरवर घेणारा चेंजओव्हर स्विच फिरवला आणि लगेच आवाज उतरला. बल्ब पिवळे पडले, मग लाल तार दिसायला लागली, मिनिटभरात चाक नुसतं आपल्या वजनानं रेंगाळत होतं. दोन-तीन वेळा तेच. तापलेल्या बेल्टचा वास पडवीभर पसरला होता. मेकॅनिक म्हणाला, फाउंडेशन कच्चं आहे. फाउंडेशन केलं. मग कळलं की ‘ऑटो लूप पॅनेल’ वेगळं घ्यावं लागतं, त्याचे 22 हजार. ते आम्ही दिले नाहीत, आणि त्या दिवसापासून आमचे फोन उचलणं बंद झालं.

गावातला आयटीआय झालेला वायरमन वॅट दाखवणारा मीटर घेऊन आला. भाड्याच्या जनरेटरवर मशीन चालवलं तेव्हा मोटर हजाराच्या आसपास वॅट ओढत होती आणि अल्टरनेटरमधून जास्तीत जास्त साडेपाचशे निघत होते. बाकीचे मोटरच्या, बेल्टच्या, बेअरिंगच्या उष्णतेत जात होते. “दादा, यात घालतोय त्याच्या निम्मंच परत येतंय, हे स्वतःला कुठून पोसणार?” त्यानं विचारलं. खरं तर सगळा विषय एवढाच आहे.

चाकाचं गणित मी नंतर मांडलं, तुम्हीही मांडा. 80 किलोचं, दोन फूट व्यासाचं सपाट चाक मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्यात साधारण 46 हजार ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे जेमतेम तेरा वॅट-तास. आपल्या साध्या 5000 एमएएचच्या मोबाईलची बॅटरी एकोणीस वॅट-तासांची असते. जे अवाढव्य चाक बघून आपण भारावतो, त्यातली सगळी ऊर्जा काढून घेतली तरी एक मोबाईल पूर्ण चार्ज होत नाही. फ्लायव्हील ही टाकी आहे, झरा नाही. भराल तेवढंच मिळणार, त्यातही गळती. अशा मशीनच्या व्हिडिओत प्लग काढल्यावर एलईडी दिवे जळताना दिसतात ते याच साठ्यावर, आणि चाक मंदावायच्या आत व्हिडिओ कापलेला असतो.

मग शेडमधले बल्ब एवढा वेळ कसे जळले? बोल्टखाली काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण वीज बाहेरून येत होती याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ही युक्ती दोनशे वर्षांपूर्वीची आहे. 1812 मध्ये चार्ल्स रेडहेफर नावाच्या माणसानं फिलाडेल्फियात आपोआप चालणारं यंत्र तिकीट लावून दाखवलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये वाफेच्या बोटीवाल्या रॉबर्ट फुल्टननं त्या यंत्राशेजारच्या फळ्या उखडल्या, तर आतून आतड्याच्या तातीचा पट्टा वर गेलेला, आणि माळ्यावर एक म्हातारा पाव खात खात दांडा फिरवत बसलेला. म्हणून मशीन जमिनीवरून उचलून, उघड्यावर, तुमच्या लोडवर रात्रभर चालवून दाखवायला सांगा. ज्याचं खरं आहे तो कुरकुर करणार नाही.

कागदांबद्दलही सांगतो. त्यानं ‘पेटंट’ म्हणून दाखवलं ते अर्ज केल्याची पोच होती. अर्ज कुणीही करू शकतो. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यातलं कलम 3(अ) निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणाऱ्या गोष्टीला पेटंटच देत नाही. बिलावर जनरेटर हा शब्द नव्हता, ‘मशीनरी पार्ट्स’ एवढंच लिहिलेलं. किती वॅट, किती तास, काहीच नाही. मला सर्वांत जास्त राग याचा येतो, कारण याचा अर्थ बिल फाडतानाच त्याला ठाऊक होतं.

घरची वीज तयार होत नाही असं अजिबात नाही. काकांच्या घरामागचा ओढा पावसाळ्यात धो-धो वाहतो. दहा मीटर उंचीवरून सेकंदाला पाच लिटर पाणी पाइपातून आणलं तर हिशोबानं 490 वॅट होतात, छोट्या टर्बाइनमधून निम्मे हाती आले तरी रात्रंदिवस मिळून सहा युनिटपर्यंत जातात, आणि तेही नेमके पॅनेल झोपलेलं असतं त्या महिन्यांत. तिथे ऊर्जा कुठून येते ते डोळ्यांना दिसतं. विकणाऱ्याला हाच एक प्रश्न विचारा: ऊन, वारा, पाणी, शेण, डिझेल, यातलं काय आत जातंय? ‘चुंबक’, ‘चाक’, ‘तंत्रज्ञान’ असं उत्तर आलं तर उठून या.

आमची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल आहे. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. सल्ल्यासाठी 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पोलिसांत फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं 318. ज्यांनी ऑनलाइन पैसे भरलेत आणि समोरचा माणूस आता फोन घेत नाही, त्यांनी आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा, कारण तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी खात्यातली रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. डेमोचे व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरचे दावे, पैसे पाठवल्याच्या पावत्या डिलीट करू नका. आमच्या अर्जाला ‘पावसाळा-उन्हाळा सारखाच’ हा त्याचाच मेसेज जोडलेला आहे.